बर्फातले घोडे, भिंतीवरचे शके

चहाला आधण ठेवतात तसं पाणी उकळायचं. मगमध्ये घ्यायचं आणि समोरच्या बर्फावर हळूहळू ओतायचं. थोडा बर्फ वितळला की ते पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि पुन्हा नवं गरम पाणी आणायचं. हे काम एकदोन दिवसांत संपत नाही, बरं का. १९९३ सालच्या उन्हाळ्यात रशियातल्या अल्ताई पर्वतात, उकोक नावाच्या पठारावर, नतालिया पोलोस्माक या पुरातत्त्वज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी कितीतरी दिवस हेच करत होते. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटर उंच. आजूबाजूला ना झाड ना गाव, नुसता भणाणता वारा. आणि त्यांच्या पायाखाली जमिनीत एक लाकडी खोली, बर्फाने गच्च भरलेली.

बर्फ वितळायला लागला तसा एक वास सुटला. मांसाचा वास! छोट्या लाकडी पाटांवर कुणीतरी मेंढीचं आणि घोड्याचं मांस वाढून ठेवलं होतं. जेवण वाढलं होतं सुमारे २४०० वर्षांपूर्वी, आणि ते कुजायला सुरुवात होत होती आत्ता. इतकी शतकं त्याला सवडच मिळाली नव्हती, कारण ते वाढल्यावर थोड्याच काळात सगळं गोठून गेलं होतं.

खोलीच्या बाहेरच्या अंगाला सहा घोडे होते, खोगीर-लगामासकट. आत लार्च झाडाच्या ओंडक्याची एक लांबलचक पेटी होती. पेटीत एक तरुण बाई कुशीवर झोपली होती, झोप लागल्यासारखीच. अंगात रेशमी सदरा, खाली लोकरीचा झगा, पायांत नमद्याचे लांब मोजे. डोक्यावर भलामोठा उंच टोप, आणि तो मावावा म्हणून पेटी एवढी लांब. शेजारी दगडाच्या लहान ताटलीत कसलेसे दाणे होते. ओळखा बघू कसले? धने! आपल्या फोडणीच्या डब्याशेजारच्या बरणीत असतात ना, तेच.

तिच्या खांद्यावर आणि हातावर गोंदण होतं. निळसर रंगाचं एक हरीण, पण त्याला चोच आहे गरुडासारखी, आणि त्याच्या शिंगांच्या टोकाटोकांवर पुन्हा पक्ष्यांची छोटी छोटी डोकी. २४०० वर्षांनंतरही कातडीवरची ती रेघ न् रेघ दिसत होती.

कोण होती ही बाई? तिचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, कारण तिच्या लोकांना लिहिता येत नव्हतं. त्यांना गावं नव्हती, देवळं नव्हती, किल्ले नव्हते. सगळा संसार घोड्यांवर आणि गाड्यांवर. आज इथे तंबू, दोन महिन्यांनी भलतीकडेच. आता तुम्ही म्हणाल, जे लोक एका जागी राहिलेच नाहीत, ज्यांनी एक अक्षर लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल आपल्याला कळणार तरी कसं? मलाही लहानपणी हाच प्रश्न पडला होता. आणि खरं सांगते, याचं उत्तर शोधताना जेवढी मजा येते तेवढी एखाद्या मोठ्या राजधानीचा इतिहास वाचतानाही येत नाही.

आधी त्यांचा मुलूख बघू. नकाशा काढा. युरोपात काळ्या समुद्राच्या वर बोट ठेवा आणि ते उजवीकडे सरकवत न्या. युक्रेन, रशियाचा दक्षिण भाग, कझाकस्तान, मंगोलिया, आणि थेट चीनचा ईशान्य कोपरा. तुमचं बोट जवळजवळ ८००० किलोमीटर फिरून आलं. या सगळ्या पट्ट्याला स्टेप म्हणतात. इथे पाऊस इतका कमी की दाट जंगल उगवत नाही, पण इतकाही कमी नाही की वाळवंट व्हावं. मग उगवतं ते गवत. मैलोन् मैल गवत.

आता गवत काही माणसाला पचत नाही. पण मेंढीला पचतं, गाईला पचतं, घोड्याला पचतं. माणसाने काय केलं, गवत खाणाऱ्या जनावरांच्या मागे जायला सुरुवात केली. जनावरं गवत खाणार, माणूस त्यांचं दूध पिणार, लोकर वापरणार, मांस खाणार. एका जागचं गवत संपलं की पुढे. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली आडोशाच्या खोऱ्यात. आपण म्हणतो 'भटके', पण ते वाटेल तसे भटकत नसत. कुठल्या महिन्यात कुठल्या खोऱ्यात जायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असे.

यात घोड्याचं एक काम असं आहे, जे ऐकून मी थक्कच झाले होते. हिवाळ्यात गवतावर बर्फ साठतो. मेंढीला तो बर्फ नीट उकरता येत नाही. घोडा मात्र पुढच्या खुराने बर्फ खरवडतो आणि खालचं वाळकं गवत उघडं करतो. मग घोड्याने उकरलेल्या जागी मागून मेंढ्या चरतात! म्हणजे घोडा नुसता बसायला नव्हता, तो सगळ्या कळपाचा हिवाळ्यातला वाढपी होता. आज जगात जे पाळीव घोडे आहेत त्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरातच, इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास, माणसाळले. हे २०२१ साली जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून कळलं.

या गवताळ पट्ट्यावर इसवी सनापूर्वी नवव्या ते तिसऱ्या शतकापर्यंत अनेक घोडेस्वार टोळ्या नांदत होत्या. काळ्या समुद्राकाठच्या टोळ्यांना ग्रीक लोक 'सिथियन' म्हणत. इराणी लोक सरसकट सगळ्यांनाच 'सक' म्हणत. हे 'सक' नाव जरा लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते भेटणार आहे, आणि ते पार आपल्या घरात येऊन बसलेलं आहे.

आता वळू या त्या बर्फाच्या कोड्याकडे. उन्हाळ्यात उकोकवर गवत उगवतं, फुलं येतात. मग जमिनीखालचा बर्फ वितळला का नाही?

तुम्ही आइस्क्रीमच्या दुकानातला आडवा फ्रीज पाहिलाय? पेटीसारखा, वरून झाकण सरकवायचा. झाकण उघडं राहिलं तरी आतलं आइस्क्रीम लगेच वितळत नाही. कारण थंड हवा जड असते. ती तळाशी बसून राहते, आणि बाहेरची गरम हवा हलकी असल्यामुळे आत शिरत नाही.

अल्ताईच्या लोकांनी, बहुधा काही न ठरवता, असाच एक फ्रीज बांधला होता. ते आधी खोल खड्डा खणत. त्यात ओंडक्यांची खोली बांधत. माणसाला आत ठेवून वर आणखी ओंडके, माती, आणि सगळ्यात वर दगडांची रास. पाझिरिक नावाच्या खोऱ्यातल्या मोठ्या राशी तर ४० मीटरच्या आसपास रुंद आहेत. या दगडांमध्ये भरपूर फटी. हिवाळ्यात बाहेरची कडाक्याची थंड हवा जड होऊन त्या फटींतून खाली उतरते आणि तळ गाठते. उन्हाळ्यात गरम हवा हलकी, ती वरच राहते, आणि दगडांच्या सावलीमुळे ऊनही खाली पोचत नाही. म्हणजे थंडी आत येते, उष्णता मात्र बाहेरच थांबते. दर वर्षी थोडी थोडी थंडी साठत जाते. मग पावसाचं आणि बर्फाचं पाणी झिरपून खोलीत उतरलं की ते गोठतं आणि पुन्हा वितळतच नाही. पाझिरिकमध्ये तर आजूबाजूची जमीन कायमची गोठलेली नव्हती, फक्त राशीखालचीच होती!

आणि यात चोरांचाही हात आहे. पाझिरिकच्या सगळ्या मोठ्या कबरी फार पूर्वीच लुटल्या गेल्या होत्या. चोरांनी वरून भोक पाडलं, सोनं-नाणं घेतलं आणि पळाले. पण त्यांनी पाडलेल्या त्या भोकातून पाणी आत गेलं, गोठलं, आणि चोरांना ज्याची किंमत वाटली नाही ते सगळं बर्फाने सांभाळून ठेवलं. लोकर, कातडं, लाकूड, केस. जमिनीत एरवी या वस्तू फार काळ टिकत नाहीत. उकोकच्या त्या बाईचं नशीब मात्र वेगळं. तिच्या वर नंतरच्या काळात आणखी एकाला पुरलेलं होतं. चोरांनी ती वरची कबर फोडली आणि त्यांना वाटलं, झालं, इथे एवढंच आहे. खाली ती तशीच राहिली.

पाझिरिकचं उत्खनन उकोकच्याही आधीचं. १९२९ मध्ये मिखाईल ग्रियाझनोव यांनी पहिली कबर उघडली आणि १९४७ ते १९४९ या काळात सर्गेई रुदेन्को यांनी पुढच्या चार. त्यांनीही गरम पाणी ओतूनच बर्फ वितळवला. तिथून निघालेल्या वस्तू आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. यादी करत बसले तर हा अंकच पुरणार नाही, म्हणून माझ्या आवडत्या तेवढ्या सांगते.

पहिला अर्थातच गालिचा. सुमारे १.८३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे साधारण डबलबेडच्या गादीएवढा. लाल रंगाचा, कडेला ओळीने चाललेले घोडेस्वार, आतल्या ओळीत चरणारी हरणं. गाठी मारून विणलेला इतका जुना अखंड गालिचा जगात दुसरा सापडलेला नाही. तुमच्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेत ३६ गाठी! सगळ्या गालिच्यात मिळून साडेबारा लाखांहून जास्त. प्रत्येक गाठ हाताने मारलेली. आणि लाल रंग अजून लालच आहे.

दुसरे हंस. नमद्याचे हंस, आत हरणाचे केस भरून फुगवलेले, अगदी आपल्या सॉफ्ट टॉयसारखे. नमदा म्हणजे न विणता केलेलं लोकरीचं कापड. जुन्या मराठीत बुरणूस म्हणतात तेच हे. तो करायचा कसा? लोकर पसरायची, गरम पाणी शिंपडायचं, गुंडाळून दाबायची, तुडवायची, लाटायची. लोकरीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ते ओले आणि गरम झाले की जरा उघडतात, आणि दाबल्यावर एकमेकांत अडकून बसतात. पुन्हा सुटत नाहीत. तुमच्या घरी कधी लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेलाय का? तो आकसून जाडजूड झाला असेल आणि आईचा ओरडाही बसला असेल. तिथे नेमकं हेच घडलेलं असतं. चरखा नको, माग नको. सतत फिरणाऱ्या माणसांना याहून सोयीचं कापड कुठलं! तंबू नमद्याचे, मोजे नमद्याचे, भिंतीवरचे पडदे नमद्याचे. एक पडदा तर एवढा मोठा होता की आपल्या घरातली एक आख्खी भिंत झाकून उरेल.

तिसरी वस्तू म्हणजे बायकांचे बूट, आणि सगळ्यांत लाडकी हीच. त्या बुटांच्या तळव्यांवर, हो, तळव्यांवर, बारीक मणी आणि चमकते खडे शिवलेले आहेत. कोण बुटाच्या तळव्याला नक्षी करतं? ज्याचे पाय फारसे जमिनीला लागत नाहीत तो! घोड्यावर बसलं की तळवे दिसतात. तंबूत शेकोटीभोवती पाय पसरून बसलं की समोरच्याला तळवेच दिसतात. एका बुटाच्या तळव्यावरून त्या बाईचा अख्खा दिवस डोळ्यांसमोर येतो.

घोड्यांचंही बघा. काही घोड्यांना मुखवटे घातले होते, आणि एका मुखवट्यावर मोठी थोरली हरणाची शिंगं बसवलेली. म्हणजे घोड्याला हरणाचं सोंग दिलं होतं. का? कदाचित हे लोक फार पूर्वी हरणांवर स्वार होत असतील, असं काही अभ्यासकांना वाटतं. कदाचित परलोकाचा रस्ता हरणालाच माहीत असतो, अशी त्यांची श्रद्धा असेल. तुम्हाला काय वाटतं?

आता एक गुप्तहेराचं काम. उकोकच्या बाईला कुठल्या महिन्यात पुरलं असेल? कागद नाही, तारीख नाही. शास्त्रज्ञांनी घोड्याच्या पोटात पाहिलं! बर्फामुळे पोटातलं शेवटचं खाणंही टिकलं होतं, आणि त्यात एका माशीच्या अळ्या होत्या. ही माशी उन्हाळ्याच्या अखेरीला घोड्याच्या केसांवर अंडी घालते. घोडा अंग चाटतो, अंडी पोटात जातात. अळ्या सगळा हिवाळा घोड्याच्या पोटात काढतात, मोठ्या होतात, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला लिदीबरोबर बाहेर पडतात. पोटातल्या अळ्यांची वाढ पाहून शास्त्रज्ञांनी सांगितलं, हे घोडे जूनच्या मध्याच्या सुमाराला गेले. हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी घट्ट होते, खणताच येत नाही. म्हणून माणूस थंडीत वारला तर ते शरीरात औषधी झाडपाला भरून, कातडी शिवून जपत, आणि जमीन मऊ होण्याची वाट बघत.

गंमत म्हणजे झाडपाला भरून शिवण्याची ही रीत आपल्याला आधीच माहीत होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने ती लिहून ठेवली होती. त्याने लिहिलं काळ्या समुद्राकाठच्या सिथियन राजांबद्दल. शरीराला मेण लावायचं, आत सुगंधी बिया भरायच्या, गाडीवर ठेवून टोळ्याटोळ्यांतून फिरवायचं. पुष्कळ जणांना वाटायचं, हा थापा मारतोय. मग हजारो किलोमीटर दूर अल्ताईच्या बर्फातून तशीच शिवलेली शरीरं निघाली!

हिरोडोटसच्या गोष्टींतली दारियसची स्वारी तर सांगायलाच हवी. इराणचा सम्राट दारियस इसवी सनापूर्वी ५१३ च्या सुमारास प्रचंड फौज घेऊन सिथियनांवर चालून गेला. समुद्रधुनीवर होड्यांचा पूल बांधला, डॅन्यूब नदीवर दुसरा पूल. सिथियन लढलेच नाहीत. ते मागे मागे सरकत राहिले. जाताना विहिरी बुजवल्या, गवत जाळलं. दारियस थकला, चिडला. त्याने सिथियन राजा इदान्थिर्ससला निरोप पाठवला की पळतोस काय, लढ तरी नाही तर शरण तरी ये. राजाने उत्तर धाडलं की आम्ही पळत नाही, आम्ही नेहमी जसे राहतो तसेच राहतोय. आमची शहरं नाहीत, शेतं नाहीत, मग कशासाठी घाईने लढायचं? फक्त आमच्या वाडवडिलांच्या कबरी आहेत. त्या शोधून हात लावून बघ, मग कळेल आम्ही लढतो की नाही.

बघा, ज्यांना घरं नव्हती त्यांची सगळ्यांत जपलेली जागा कबर होती. त्या कबरींमुळेच आज आपण त्यांच्या मोज्यांपर्यंत पोचलो.

पुढे सिथियनांनी दारियसला भेट पाठवली. एक पक्षी, एक उंदीर, एक बेडूक आणि पाच बाण. सोबत चिठ्ठी नाही! दारियस खूश झाला. त्याला वाटलं, उंदीर म्हणजे जमीन, बेडूक म्हणजे पाणी, पक्षी म्हणजे घोडे, बाण म्हणजे शस्त्रं, हे सगळं देऊन शरण आले. त्याचा सरदार गोब्रियस मात्र म्हणाला, अर्थ वेगळा आहे. पक्षी होऊन आकाशात उडालात, उंदीर होऊन बिळात शिरलात, बेडूक होऊन तळ्यात उडी मारलीत तरच वाचाल, नाहीतर हे बाण आहेतच. शेवटी एकदा दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली, तेवढ्यात मधून एक ससा पळाला आणि सिथियन स्वार युद्ध सोडून आरडाओरडा करत सशामागे धावले! ते पाहून दारियस म्हणाला, हे लोक आपल्याला जमेतच धरत नाहीत, चला घरी. सिथियनांची फजिती झाली ती एकाच गोष्टीने. दारियसच्या छावणीतल्या गाढवांच्या ओरडण्याने! त्यांच्या मुलखात गाढवं नव्हतीच. ते रेकणं ऐकून त्यांचे घोडे बुजून मागे फिरायचे.

त्या पाच बाणांना दारियसने घाबरायलाच हवं होतं. सिथियन धनुष्य लहान असतं, घोड्यावर बसून दोन्ही बाजूंना वळवता यावं म्हणून. पण लहान धनुष्याला जोर कसा येणार? त्यांनी तीन वस्तू एकावर एक चिकटवल्या. मधे लाकूड, पोटाकडून शिंग, पाठीकडून जनावराच्या स्नायूंचे चिवट तंतू. धनुष्य ताणलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ताण सोसण्यात तंतू तरबेज, दाब सोसण्यात शिंग तरबेज. नुसतं लाकूड मोडलं असतं तिथे हे वाकून पुन्हा उसळतं. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बिया या ग्रीक वसाहतीत एक शिलालेख सापडलाय. तिथल्या एका तिरंदाजाने पाचशे मीटरहून लांब बाण मारला, म्हणून कौतुकाने दगडावर कोरून ठेवलंय.

आणि हे धनुष्य फक्त मुलग्यांच्या हातात नव्हतं, हं. रशियातल्या तुवा प्रदेशात १९८८ मध्ये सुमारे २६०० वर्षांपूर्वीची एका मुलाची कबर सापडली होती. शेजारी धनुष्य, बाण, कुऱ्हाड. सगळ्यांनी गृहीत धरलं की हा छोटा लढवय्या मुलगा. २०२० मध्ये डीएनए तपासला तर ती मुलगी निघाली! वय चौदाच्याही आत. बत्तीस वर्षं तिला सगळे 'तो' म्हणत होते.

तुम्ही आत्ता पँट घालून बसला असाल तर तीही या घोडेस्वारांकडूनच आली असं समजा. धोतरासारखं वस्त्र नेसून दिवसभर घोड्यावर बसलं तर मांड्या सोलवटून निघतील. म्हणून त्यांनी दोन पाय वेगळे शिवले. चीनच्या पश्चिम भागात तुर्फानजवळ यांघाई इथे मिळालेली लोकरीची पँट सुमारे ३००० वर्षं जुनी आहे, आणि मधे घोड्यावर मांड टाकायला ऐसपैस जागाही ठेवलेली आहे.

गोंदणाचीही एक नवी बातमी आहे. पाझिरिकच्या शरीरांची कातडी आता काळवंडली आहे, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. पण काजळीचा रंग आणि कातडी इन्फ्रारेड प्रकाशात वेगवेगळी दिसतात. २०२५ मध्ये संशोधकांनी असे अतिशय बारकाईचे फोटो काढून एका बाईच्या हातांवरची चित्रं पुन्हा उजेडात आणली. उजव्या हातावरचं काम डाव्यापेक्षा जास्त सफाईदार आहे. म्हणजे गोंदणाऱ्या दोन व्यक्ती असतील, किंवा एकच असेल आणि मधल्या काळात तिचा हात बसला असेल. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सराव करून करून सुधारलं, हे आपल्याला आज दिसतंय!

उकोकची ती बाई २०१२ पासून अल्ताईच्याच गोर्नो-अल्ताइस्क शहरातल्या संग्रहालयात आहे. तिथले लोक तिला आपली पूर्वज मानतात, आणि तिला पुन्हा जमिनीत ठेवावं असं त्यांच्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि तरी तिच्यामुळे किती कळलं हेही विसरता येत नाही. अजून न उघडलेल्या कबरी त्या पठारावर आहेत. पण हवा तापतेय, आणि त्यांचा दगडी फ्रीज किती दिवस पुरेल याची काळजी वाटते. युनेस्को आणि बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहांच्या चित्रांवरून तिथल्या दगडी राशींचे नकाशे केले, ते याच काळजीपोटी.

आणि आता ते 'सक' नाव. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात इतर टोळ्यांनी रेटल्यामुळे काही सक दक्षिणेला उतरले. इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवर ते इतके स्थिरावले की त्या भागाला सकस्तान म्हणू लागले, आजचं सीस्तान. तिथून सिंध, गुजरात, माळवा. आपल्या संस्कृत-प्राकृतात 'सक' चं 'शक' झालं. त्यांच्यातल्या नहपान राजाचं राज्य नाशिकपर्यंत होतं. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे, आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या! ज्यांच्या पूर्वजांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या एकेका नाण्यावर तीन तीन लिप्या. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत आपल्या दानांचे लेख कोरून ठेवले. नंतरच्या काळातला शक राजा रुद्रदामन याने तर इसवी सन १५० च्या सुमारास गुजरातेत गिरनारजवळ झोकदार संस्कृतात मोठा लेख कोरवला.

नहपानाला हरवलं आपल्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने. हे युद्ध तुम्हाला हातात धरून बघता येतं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी इथे नहपानाच्या १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच, गौतमीपुत्राने आपला शिक्का ठोकलेला आहे. आणि गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्याच लेण्यात लेख कोरवून सांगितलं की माझ्या मुलाने शकांना हटवलं.

हटवले खरे. पण इसवी सन ७८ पासून मोजली जाणारी एक कालगणना शक राजे वापरत, आणि ती लोकांनी सोडली नाही. तिला त्यांचंच नाव चिकटलं. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठीही शकच निवडला.

आता उठा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जा. गुढीपाडव्याचं पान काढा. बारीक अक्षरांत 'शालिवाहन शके' आणि पुढे एक आकडा दिसेल. इंग्रजी सालातून ७८ वजा केलेत की तोच येईल. शालिवाहन म्हणजे लोकांच्या बोलण्यातला सातवाहन, आणि शक म्हणजे शक. एकाच्या नाण्यांवर दुसऱ्याने शिक्के मारले, पण इथे ते दोघे एका ओळीत शेजारी शेजारी बसले आहेत, आणि दर पाडव्याला दोघे मिळून एक वर्ष पुढे सरकतात.